विहीणबाई आल्या आणि आम्ही लव्ह हॉटेलात गेलो

ताईची मुलगी तोक्योत निशी-कसाईला राहते. एदोगावा भागातली ही वस्ती भारतीय आयटीवाल्यांनी इतकी भरलीय की स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तर एखादं मराठी वाक्य कानावर पडतंच. घर छान आहे, पण जपानी मापाचं. दोन खोल्या, त्यातल्या एकीत दिवसा गाद्यांची घडी कपाटात गेल्याशिवाय पाय ठेवायला जागा नाही. सोमवारी संध्याकाळी तिचे सासू-सासरे पुण्याहून येणार होते आणि आमची क्योतोची गाडी मंगळवारी दुपारची. म्हणजे मधली एक रात्र आम्हा दोघी बहिणींना बाहेर काढायची होती. मार्चअखेर, साकुराचा म्हणजे चेरीच्या फुलांचा हंगाम. उएनोच्या आसपास साध्या बिझनेस हॉटेलात कोंबडीच्या खुराड्याएवढ्या खोलीला तीस हजार येनच्या वर भाव चालला होता.

भाचीच म्हणाली, "मावशी, एक सांगू का? पण आईला कसं सांगायचं ते तू बघ."

लव्ह हॉटेल. जोडप्यांना तासांवर खोली देणारं. माझ्या मनात जे यायचं तेच आलं. पण ती अगदी शांतपणे सांगत होती. जपानमध्ये सगळे जातात, नवरा-बायकोही जातात, शेवटची गाडी चुकलेले ऑफिसवाले झोपायला जातात. खोल्या मोठ्या असतात, स्वच्छ असतात. आणि दर खोलीचा असतो, माणसाचा नाही. दोन बायकांना अडवत नाहीत. "फक्त जेवून जा. एकदा आत गेलं की बऱ्याच ठिकाणी बाहेर सोडत नाहीत. आणि प्लीज, ह्यांना सांगू नका." ह्यांना म्हणजे जावईबापूंना. विहीणबाईंचा तर प्रश्नच नव्हता.

ताई त्रेसष्ट वर्षांची, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिला हे सांगायला मी रंकाळ्याएवढा मोठा श्वास घेतला. ती म्हणाली, "तिथे अंघोळीला टब आहे का?"

मोठ्या बॅगा आम्ही आदल्या दिवशीच कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानातून, क्योतोच्या हॉटेलवर पाठवून दिल्या होत्या. ही सोय जपानात फार उत्तम आहे, ताक्क्यूबिन म्हणतात. लव्ह हॉटेलात जायचं असेल तर ती वापराच, कारण चाकांच्या दोन सूटकेसी ओढत तिथल्या अरुंद दारातून शिरणं म्हणजे लपूनछपून करायच्या कामाला बँड लावून जाणं. आमच्याकडे खांद्यावरची एकेक पिशवी होती आणि भाचीने बांधून दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी.

जागा ठरली उगुइसुदानी. यामानोते लाइनवर उएनोच्या पुढचं स्टेशन. तोक्योत शिबुयाची दोगेनझाका, शिंजुकूचं काबुकिचो अशा लव्ह हॉटेलांच्या वस्त्या आहेत, पण तिथे रात्री तरुणांची झुंबड असते. उगुइसुदानी त्यामानाने निवांत. आणि या स्टेशनाची गंमत अशी की दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं तर कानेइजी देवळाचं कब्रस्तान लागतं, जिथे तोकुगावा घराण्याचे पंधरापैकी सहा शोगुन, म्हणजे जपानचे जुने लष्करी राज्यकर्ते, पुरलेत. उत्तरेच्या दाराने बाहेर पडलं की समोर, उजवीकडे, डावीकडे, गल्लीत, गल्लीच्या आतल्या गल्लीत, नुसती लव्ह हॉटेलं.

रात्रीचे साडेआठ वाजले होते. भडक असेल असं वाटलं होतं, तसं काही नव्हतं. निऑनच्या पाट्या होत्या, पण आवाज नव्हता. कुणी दलाल हाका मारत नव्हता. जोडपी यायची, पाटी वाचायची आणि एकदम भिंतीआड गायब व्हायची. प्रत्येक दारापुढे एक आडवी भिंत किंवा कुंड्यांची रांग असते, जेणेकरून रस्त्यावरून आत काय आहे ते दिसू नये. काहींना आत जायचं दार वेगळं, बाहेर पडायचं वेगळं. दाराबाहेर दरफलक. त्यावर दोन मुख्य दर: एक विश्रांतीचा, म्हणजे दोन-तीन तासांचा, आणि एक मुक्कामाचा. मुक्कामाचा दर अमुक वाजल्यानंतरच लागू होतो. सोमवारी बऱ्याच ठिकाणी रात्री आठला, शनिवारी त्याहून बराच उशिरा, कारण शनिवारी तीच खोली संध्याकाळभर विश्रांतीवाल्यांना दोन-तीनदा देता येते. धंद्याचं गणित सरळ आहे. प्रवाशाला मात्र याचा अर्थ असा की दुपारी येऊन सामान टाकून फिरायला जाऊ, हे विसरा.

आम्ही तीन पाट्या वाचल्या. ताई चष्मा लावून प्रत्येक पाटी शाळेचा निकाल बघावा तशा तन्मयतेने बघत होती, तेवढ्यात मागून एक जोडपं आलं आणि आम्हाला बघून घाईघाईने पुढच्या गल्लीत वळलं. बिचाऱ्यांना वाटलं असेल, कुणाची तरी आई शोधायला आलीय.

मुक्काम 9,800 येन असं लिहिलेल्या ठिकाणी शिरलो. आत लॉबी नावाचं प्रकरण नाही. भिंतीवर एक मोठा उजळलेला फलक, त्यावर प्रत्येक खोलीचा फोटो, नंबर आणि दर. ज्यांच्यामागे दिवा पेटलेला त्या रिकाम्या, विझलेल्या त्या भरलेल्या. बावीसातल्या सहा पेटलेल्या होत्या. आम्ही बघत असतानाच एक विझली. फोटोखालचं बटण दाबायचं की खोली तुमची. मी एक साधी पांढरी निवडत होते, ताईने माझ्या खांद्यावरून हात घालून मोठ्या टबवाली दाबली.

शेजारी काउंटर होतं, पण काउंटरवर माणूस नव्हता. दुधी काच, खाली वीतभर उघडी जागा आणि त्यातून दिसणारे दोन हात. बाईचे, वयस्कर, नखं नीट कापलेली, एका बोटात साधी अंगठी. चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही. तिलाही आमचा दिसला नसावा, मात्र दोन बायकांचे आवाज ऐकू आले असणार. हातांनी पासपोर्टची खूण केली. जपानात घर नसलेल्या परदेशी पाहुण्याचं राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट नंबर नोंदवणं हा तिथला नियमच आहे. कुठे विचारतात, कुठे विचारत नाहीत. झेरॉक्स झाली, पासपोर्ट ट्रेमधून परत आले आणि काचेआडून प्रश्न आला, "जोशिकाई?" हा शब्द भाचीने शिकवून ठेवला होता. बायकाबायकांनी जमून खायचं-प्यायचं, गप्पा ठोकायच्या, आपल्या भिशीसारखंच. लव्ह हॉटेलं त्यासाठी खास दर ठेवतात, कारण मोठी खोली, कराओके आणि शेजाऱ्यांची कटकट नाही. मी जोरात मान हलवली. हातांनी शॅम्पूच्या बाटल्यांनी भरलेल्या फडताळाकडे बोट दाखवलं. हवा तो घ्या. ताईने तीन घेतले.

आपल्याकडच्या लॉजवर काय होतं ते आठवून मला हसू येत होतं. लॉज ज्या गावात त्याच गावचं आधार कार्ड दाखवलं की मॅनेजरच्या भुवया वर जातात, लग्नाचा पुरावा मागणारेही आहेत. इथे आमचं नातं काय, वय काय, आलो कशाला, कुणालाही काही पडलेलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर पॅसेजमध्ये एका दारावरचा दिवा लुकलुकत होता. तीच आमची. कुणाला विचारायची गरज पडू नये म्हणून ही योजना. आत गेलो, दार मागे बंद झालं आणि खटकन कुलूप लागलं. त्याच क्षणी भिंतीतून एक गोड बायकी आवाज बोलायला लागला. ताई दचकून म्हणाली, "कोण आहे गं?" कोणी नव्हतं. दाराशेजारी पैसे भरायचं यंत्र होतं, तेच स्वागत करत होतं. हिशेब सुरू झाल्याचं सांगत असावं. दार आतून उघडायचं तर आधी या यंत्रात पैसे भरायचे, नाहीतर काउंटरला फोन करायचा. ताईला हे पटलं नाही. "आग लागली तर?" तिने शाळेत पंचवीस वर्षं अग्निशमनाचं रजिस्टर सांभाळलंय. तिने दारामागचा सुटकेचा नकाशा वाचला, पलंगाजवळ भिंतीला अडकवलेली विजेरी काढून लावून पाहिली, फोन करून काउंटरवालीला मोडक्या इंग्रजीत विचारलं. "फोन, ओपन, ओके," असं उत्तर मिळालं. मग पलंगावर बसली.

खोली मात्र खरोखर मोठी. भाचीचा सगळा फ्लॅट त्यात मावला असता असं ताई म्हणते. तेवढं नाही, पण दिवाणखाना नक्की मावला असता. पलंग चौघांचा. सोफा, प्रचंड टीव्ही, कराओकेचे दोन माइक प्लॅस्टिकच्या पिशवीत निर्जंतुक करून ठेवलेले, मायक्रोवेव्ह, किटली, फुकट चहा-कॉफी, पाण्याच्या दोन बाटल्या. केस वाळवायचं यंत्र तर होतंच, पण केस सरळ करायचं आणि कुरळे करायचंही. रात्री घालायला गाऊन. उशाशी एक लाकडी डबी, त्यात कागदी रुमाल आणि ज्या कारणासाठी हे हॉटेल आहे त्या कारणाची दोन पाकिटं. ताईने ती डबी काहीही न बोलता ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर बंद केला.

कोपऱ्यात काचेच्या छोट्या दारांचं एक कपाट होतं. तिला वाटलं खाऊचं आहे. जवळ जाऊन वाचायला लागली, मग चष्मा काढला आणि म्हणाली, "अच्छा." त्या कपाटाबद्दल आमच्यात एवढंच संभाषण झालं.

उशाच्या वर बटणांची पट्टी होती. प्रत्येक दिव्याला वेगळं गोल बटण, टबाच्या दिव्यांचे रंग बदलायचं एक, गाण्यांची चॅनेलं बदलायचं एक. पियानो, जॅझ, समुद्राच्या लाटा, पक्ष्यांची किलबिल. सगळं झोपल्या झोपल्या हाताला येईल अशा उंचीवर. वयस्कर माणसांच्या दृष्टीने इतकी सोयीची खोली मी दुसरी पाहिलेली नाही. रात्री दिवा मालवायला उठावं लागत नाही, बाथरूमला कठडे आहेत, जमीन घसरडी नाही. टीव्हीचा रिमोट मात्र जपून हाताळावा. सुरुवातीच्या यादीत सगळं जपानीत असतं आणि ताईने बातम्या लावायच्या म्हणून जे दाबलं त्याने भिंतभर जे सुरू झालं ते बंद करायला मला प्लगच काढावा लागला.

मग टब. बटण दाबलं की हव्या त्या तापमानाचं पाणी भरतं आणि भरलं की सांगतं. दोघांसाठी बनवलेला, एकीने पाय पसरले तरी समोरची भिंत लागत नाही. बुडबुडे, पाण्याखाली निळे-जांभळे दिवे, भिंतीत पाण्याने न बिघडणारा टीव्ही. टाकायला सुगंधी पुड्या. ताई आत गेली ती तासाभराने बाहेर आली. तिच्या गुडघ्यांनी आठवड्याभरात पहिल्यांदा तक्रार केली नाही.

दशम्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ल्या. इतक्या रात्री बाहेरून कुठलाच आवाज नव्हता. लाकडी झडप सरकवून खिडकी उघडली तर खाली चक्क रुळ होते. यामानोतेची हिरव्या पट्ट्याची गाडी धडधडत गेली. झडप लावली, आवाज बंद. आतलाही बाहेर जात नसणार, हे कळल्यावर ताईने माइक घेतला आणि कराओके न लावताच एक अख्खा अभंग खड्या आवाजात म्हटला. भाचीकडे तिला हळू बोल, भिंती पातळ आहेत, असं सतत ऐकावं लागत होतं.

झोप येईना म्हणून मी फोनवर वाचत पडले. ही हॉटेलं काही आजची नाहीत. एदो काळात, म्हणजे त्या शोगुनांच्या अमदानीत, उएनोच्याच शिनोबाझु तळ्याकाठी चहाची घरं होती, जिथे प्रेमिक भेटत. युद्धानंतर घरं तोकडी, भिंती कागदाच्या, आजी-आजोबा, मुलं, सगळे एका खोलीत. तेव्हा नवरा-बायकोलासुद्धा तासाभराचा एकांत विकत घ्यावा लागे. 1973 साली तोक्योच्या मेगुरो भागात किल्ल्यासारखं दिसणारं 'मेगुरो एम्परर' उघडलं आणि बुरूज, मनोरे, फिरते पलंग यांची लाटच आली. मग 1984 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, 1985 पासून ती लागू झाली. फिरता पलंग, छताला आरसे असलं काही दिसलं की हॉटेल पोलिसांच्या देखरेखीखाली. नव्या मालकांनी ते सगळं टाळलं, साध्या हॉटेलाचा परवाना घेतला, पैसा टबावर आणि टीव्हीवर लावला. आमची खोली एवढी सोज्वळ का, त्याचं कारण हे.

हे मी ताईला वाचून दाखवलं. फिरता पलंग नाही म्हणून ती जरा खट्टू झाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं झोपली.

"आईचं लग्न झालं तेव्हा गिरगावच्या खोलीत नऊ माणसं होती," ती अंधारात म्हणाली. "आत्या, काका, आजी, सगळे. रात्री पुरुष गॅलरीत झोपायचे. आई-बाबांना स्वयंपाकघरातला मोरीजवळचा तुकडा, मध्ये लुगड्याचा पडदा. आत्या मला सांगायची, आम्ही मुद्दाम घोरायचो."

मला हे माहीत नव्हतं. मी धाकटी, मला आठवतं तेव्हा आम्ही डोंबिवलीला आलो होतो.

"बाबा तिला रविवारी चौपाटीवर न्यायचे म्हणे. तिथे तरी काय, सगळं गिरगावच आलेलं असायचं. असं काहीतरी असतं तर दोन तासांचे पैसे बाबांनी पगारातून बाजूला काढले असते बघ."

आईचा आणि बाबांचा असा विचार मी कधी केला नव्हता. करायची सवयच नसते आपल्याला. पण त्या खोलीत तो विचित्र वाटला नाही. मी विचारलं, मग तू कुठे होतीस? "गॅलरीत, आजीच्या कुशीत," ती म्हणाली. "मीही घोरायचे." आणि खरंच पाच मिनिटांत घोरायला लागली.

झडपांमुळे खोलीत सूर्य शिरत नाही, सकाळ झाल्याचं मोबाइलवरून कळतं. दहाला खोली सोडायची होती. उशीर झाला तर अर्ध्या तासाला जादा आकार असतो. पैसे भरणं हा ताईचा आवडता भाग ठरला. यंत्रावर 9,800 आकडा, दहा हजारांची नोट आत सरकवली, आवाजाने आभार मानले, दोनशे येन खणखणत खाली पडले आणि दाराचं कुलूप आपोआप उघडलं. आपल्या पैशात दोघींचे साडेपाच हजारांच्या आसपास. यंत्राने एक सभासदत्वाचं कार्डही दिलं, पॉइंटवालं. मी ते तिथेच ठेवणार होते, ताईने पर्समध्ये टाकलं.

गाडीला वेळ होता. उत्तरेच्या दारापासून काही मिनिटांवर, लव्ह हॉटेलांच्या अगदी मधोमध, एक बैठं लाकडी घर आहे. हायकूचा कवी मासाओका शिकी इथे राहिला आणि 1902 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, इथेच गेला. मणक्याच्या क्षयाने शेवटची वर्षं तो एका खोलीत पडून होता आणि पडल्या जागेवरून दिसेल तेवढ्या बागेवर लिहीत होता. मूळ घर 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, 1950 मध्ये पुन्हा बांधलं. खोलीसमोर मांडव आहे, त्यावर उन्हाळ्यात घोसाळ्याचा वेल चढवतात. खोकल्यावर घोसाळ्याच्या वेलाचं पाणी देत असत. आम्ही गेलो तेव्हा मांडव रिकामा होता. ताई चटईवर त्याच्या मेजाशी बसली. मेजाला एका बाजूने कापून काढलंय, आखडलेला गुडघा मावावा म्हणून. ते तिने बराच वेळ हात न लावता पाहिलं. बागेच्या कुंपणावरून मागच्या हॉटेलाची पाटी दिसत होती, विश्रांतीच्या दरासकट.

कुणाला जायचं असेल तर दोन-चार गोष्टी. शुक्रवार-शनिवार टाळा, आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचा विचारही करू नका. जपानात ती प्रेमिकांची रात्र. एकटा माणूस बहुतेक ठिकाणी चालतो. दोन पुरुषांना मात्र अजूनही काही ठिकाणी नकार मिळतो. लैंगिकतेवरून कुणाला नाकारू नका, असं सरकारने 2018 साली मार्गदर्शक सूचनांत घातलंय, तरीही. लहान मुलं घेऊन जाऊ नका. सलग दोन रात्री राहायचं तर बऱ्याच ठिकाणी सकाळी बाहेर पडून रात्री पुन्हा खोली घ्यावी लागते, तीच मिळेल असं नाही. रोख पैसे जवळ असू द्या.

क्योतोचं हॉटेल चांगलं होतं. माणूस दिसणारं काउंटर, वाकून नमस्कार, आमच्या बॅगा आधीच खोलीत. ताईने बाथरूमचं दार उघडलं, टबाकडे पाहिलं, गुडघे पोटाशी घेऊन बसता येईल एवढा तो टब. दार लावलं.

"इथे नाहीत का तसली?"

आहेत, मी म्हटलं, पण शहराबाहेर, दक्षिणेला एक्स्प्रेसवेच्या फाट्यापाशी. गाडीवाल्यांसाठी. चालत कुणी जात नाही तिथे.

"मग टॅक्सी करू," ती म्हणाली आणि पर्समधून ते पॉइंटवालं कार्ड काढून इथे चालेल का ते वाचायला लागली.